लाखेचा जोड

सारजा ठोंबरेला किळस फार लवकर यायची. दुधावरची साय ओठाला लागली की ती उठून मोरीकडं पळायची. पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की हिचा घास घशात अडायचा. गंगापूरकडं त्यांची उसाची शेती. गुऱ्हाळ सुरू झालं की गल्लीतली सगळी पोरं काकवी चाटायला धावत, आणि ही नाकाला ओढणी लावून बांधावर लांब जाऊन बसे. कढईत पडलेली माशी तिनं एकदा पाहिली होती, ती तिच्या डोक्यातून काही केल्या निघत नव्हती. आई, लक्ष्मीबाई, कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्या पोरीला द्यावी तरी कुठं? सासरी उपाशी मरंल."

वडील बद्रीनाथ हसायचे. "मरत नाय. तिला शिकू द्या."

दगडांची मात्र तिला कधी किळस आली नाही. दगड सडत नाही, त्याला वास येत नाही, त्याच्यावर माशी बसत नाही. घरच्या विहिरीचं काम निघालं तेव्हा मळ्यात दगडांचा ढीग पडला होता. त्यात ती दिवसदिवस बसायची. काळा कातळ फोडला की आत कधी पांढरे दाणे, कधी गारगोटीची चकचकीत पोकळी सापडायची. लाखो वर्षांत कुणी हात न लावलेली जागा आपण पहिल्यांदा बघतोय, ह्याचंच तिला अप्रूप. शेतातली, घरातली, गावातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आधीच हाताळलेली, उष्टावलेली असते. ही नव्हती.

ती औरंगाबादला कॉलेजात आली ती सत्तरच्या दशकात, आणि भूगर्भशास्त्राच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. नाव घातलं होतं वनस्पतिशास्त्राला. पण पहिल्याच आठवड्यात चुकून काकासाहेब वायाळ सरांच्या तासाला जाऊन बसली आणि तिथंच राहिली.

काकासाहेब हे विभागाचे प्रमुख. उंच, पांढरा शर्ट, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगाही मान वर करायचा. ते सांगायचे, "आपण उभे आहोत तो सगळा मुलूख एकेकाळी रस होता. जमीन फाटली, रस वर आला, पसरला, निवला. त्याच्यावर पुन्हा रस, पुन्हा थर. निवताना आत वाफ अडकली, तिच्या पोकळ्या राहिल्या. पुढं त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्यात जे विरघळलं होतं ते भिंतीला धरत गेलं. आधी आलं ते भिंतीला, मागून आलं ते त्याच्यावर. म्हणून कोण कोणावर बसलंय तेवढं बघा. माणसं खोटं बोलतील. दगड बोलत नाही."

सारजाला वाटलं, आपल्याला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळालं.

त्या विभागात दारातून शिरल्याबरोबर काचेचं एक कपाट होतं, आणि त्यात एकच नमुना ठेवलेला होता. पोरं त्याला 'राणी' म्हणत. पाट्याएवढा काळा दगड. त्यावर हिरवट, पाण्यासारखे नितळ, चौकोनी अंगाचे स्फटिक. त्यांना ॲपोफिलाइट म्हणतात. त्या हिरव्यावर गुलाबी स्टिलबाइट, जोंधळ्याच्या पेंढीसारखे मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना पसरलेले. आणि त्या गुलाबीवर पुन्हा हिरवे. ह्या राणीवर काकासाहेबांचं नाव उभं होतं. एरवी त्या भागात गुलाबी आधी येतं, हिरवं मागून. इथं हिरवं आधीही होतं आणि नंतरही. म्हणजे सोयगावच्या त्या थरात गरम पाण्याची लाट एकदा नाही, दोनदा आली, असा त्यांचा सिद्धांत. तो परदेशातल्या नियतकालिकात छापून आला होता. सोयगाव तालुक्यातल्या एका विहिरीत राणी मिळाली, असं त्यात लिहिलेलं होतं.

एम.एस्सी. होऊन सारजा त्याच विभागात शिकवायला लागली आणि काकासाहेबांच्याच हाताखाली पीएच.डी.ला बसली. विषय ठरलेला होता: पाण्याच्या दोन लाटा. तिनं अशा आणखी राण्या शोधायच्या.

तिनं काही वर्षं त्यात घातली. पहाटेची एस.टी. पकडायची, सिल्लोड, सोयगाव, जिथं विहीर खोदायचं काम चालू असल्याचं कळेल तिथं जायचं. दगड वर उपसायच्या यारीच्या टोपल्यात बसून खाली उतरायचं. वर गावातली माणसं गोळा व्हायची. साडी खोचून विहिरीत उतरणारी बाई बघायला. खाली सुरुंगाच्या दारूचा वास, घामाचा वास, पायाखाली चिखल. तिला मळमळायचं, तरी ती भिंतीपाशी उभी राहून भिंगातून बघत राहायची. आणि दर वेळी तेच: गुलाबी भिंतीला, हिरवं त्याच्यावर. एकदा हिरवं संपलं की पुढं काही नाही.

ती सरांना सांगायची. सर चष्मा काढून पुसायचे. "अजून बघ. नजर तयार व्हावी लागते, सारजा. ती एकदम होत नाही."

ती खोलीवर यायची आणि स्वतःच्याच डोळ्यांचा तिला वीट यायचा. जे सरांना एका विहिरीत दिसलं ते आपल्याला इतक्या विहिरींत दिसत नाही, म्हणजे खोट आपल्यातच. असं तिनं किती दिवस मानलं असेल, ते तिलाच ठाऊक.

मग भिकनची विहीर लागली.

भिकन आणि बानाबाई हे सोयगावच्या अलीकडच्या एका वाडीतले. मेंढरं हे त्यांचं पिढ्यांचं काम. थोडी जमीन पदरात पडली तेव्हा विहिरीला हात घातला. गावच्या मास्तरांनी निरोप पाठवला आणि सारजा गेली. बानाबाई विहिरीच्या काठावरच बसली होती, गुडघ्यावर हनुवटी टेकून.

"पानी नाय लागलं बाई," ती म्हणाली. "काच लागली."

सारजा खाली उतरली. सुरुंगानं कातळाला भगदाड पडलं होतं आणि त्याच्या आत एक खोली होती. खोलीच म्हणायची, वाकून आत शिरलं की दोन माणसं बसतील अशी. तिनं बॅटरी लावली. भिंती, छत, सगळं गुलाबी पेंढ्यांनी गच्च भरलेलं, आणि पेंढ्यांच्या टोकांवर हिरवे ठिपके, जोंधळ्यावर दंव पडावं तसे. ती कितीतरी वेळ नुसती उकिडवी बसून राहिली. श्वासही जपून घेत होती.

मग ती कामाला लागली. भिंत वितावितानं बघितली, चित्रं काढली, जिथं तुटलं होतं तिथं भिंग लावून कडा तपासल्या. गुलाबी, मग हिरवं. सगळीकडं. एकही जागा उलटी नव्हती. हा थर तोच होता, शिवार तेच होतं, राणी जिथून आली म्हणत त्याच्या हाकेच्या अंतरावर. सारजा त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपली नजर चांगली आहे.

"हे फोडू नका," तिनं भिकनला सांगितलं. "मी फोटोवाला घेऊन येते. सरांना आणते. तोवर थांबा."

भिकन सरळ माणूस. "आमी थांबू बाई. पर मागून येनारा थांबंल का?"

मागून येणारा म्हणजे पुंजाराम. हा पूर्वी विहिरींच्या सुरुंगाच्या कामावर मुकादम होता; दगड विकले जातात हे कळल्यावर त्यानं सुरुंग सोडले आणि गुलमंडीच्या मागं एक गोदाम घेतलं. मुंबईचे व्यापारी त्याच्याकडून माल उचलायचे. कुठल्या विहिरीत काय लागलं ह्याची खबर त्याला तलाठ्याच्याही आधी असायची.

काकासाहेबांना सारजानं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बघू, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, पेपर तपासणी आली. ते काही आले नाहीत. शेवटी ती एकटीच फोटोवाल्याला घेऊन गेली आणि वाडीच्या अलीकडं ओढ्यापाशीच तिला वास आला. नाकात घुसून डोळ्यांतून बाहेर यावा असा झोंबरा वास. ओढ्याच्या काठावर प्लॅस्टिकची पिंपं मांडली होती, त्यात तेजाब. पुंजारामची माणसं स्फटिकांवरचा चुनखडीचा थर घालवायला दगड तेजाबात बुडवत, काढत, आणि पिंप गढूळलं की ते तसंच खालच्या खड्ड्यात उपडं करत. खड्ड्यातलं पाणी पिवळसर झालं होतं, त्यावर फेस. बाजूला तीन मेंढ्या पडल्या होत्या, पोटं फुगलेली, तोंडातून लाळेची तार आलेली, आणि तिच्यावर निळ्या माश्या.

सारजानं तोंड फिरवलं. पण फिरवून बघायचं कुठं? विहिरीतली ती खोली पहारीनं खरवडून काढली होती. भिंतीवर नुसते पांढरे ओरखडे. खाली तुटक्या गुलाबी तुकड्यांचा चुरा, त्यात विड्यांची थोटकं आणि कुणीतरी थुंकलेला तंबाखू.

"त्यो पान्याचं इंजन देतो म्हनला," भिकन खाली बघत म्हणाला. "पानी तर लागलंच पायजे ना बाई."

बानाबाई मात्र खाली बघत नव्हती. "इंजन देतोय, अन् मेंढरं मारतोय. समद्या गावाला ठावं हाय, खड्ड्यातलं पानी पिऊन मेली. पर पंचाम्होरं कोन बोलंना. म्हनत्यात, मेंढरं काय, कशानं बी मरत्यात!" आणि ती थुंकली, त्या पिंपांच्या दिशेनं.

सारजानं तहसील कचेरीत एक अर्ज करून बघितला. त्याचं काही झालं नाही. उरला एकच मार्ग: पुंजारामकडून निदान एक तरी तुकडा, मूळ कातळासकट, मागून घ्यायचा. कामाला पुरावा हवा होता. ज्या माणसाचा असा तिटकारा आला होता त्याच्या दारात जायचं म्हणून ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

गुलमंडीवर कापडाच्या दुकानांच्या मागं एक बोळ होता. गटार उघडं. त्याच्यावर फळी टाकलेली, ती ओलांडून गोदामात जायचं. आत पुंजाराम खुर्चीवर पान लावत बसला होता. गालात भरलेलं पान, ओठांच्या कोपऱ्यांत लाल ओघळ.

"या मॅडम, या. तुमच्या सरांच्या इभागातल्या ना तुमी? बसा. च्या सांगू?"

"चहा नको. भिकनच्या विहिरीतला एक तुकडा हवाय. कातळ लागलेला."

"कातळ?" तो हसला. "समदी दुनिया कातळ काढून टाका म्हनती, तुमी कातळ मागता. बघा आत. हाय का काय."

ती आत गेली. पाठीमागच्या खोलीत जमिनीवर माणसं बसली होती. एक जण पांढऱ्या गारगोट्या निळा रंग कालवलेल्या बादलीत बुडवत होता. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. दुसरा कानसीनं स्फटिकांची मोडकी टोकं घासत होता. आणि कोपऱ्यात शेगडीपाशी एक म्हातारा बसला होता. त्याच्यापुढं लाखेच्या कांड्या, वाटीत काळ्या दगडाची पूड. तो आधी लाखेच्या बांगड्या करायचा. आता एका हातात हिरवे स्फटिक लागलेला कातळ धरून तो त्याच्यावर गुलाबी पेंढी बसवत होता. लाख वितळवली, लावली, दाबली, वरून पूड भुरभुरली, फुंकर मारली.

सारजा जागच्या जागी थांबली.

"दिखताच नै बाई जोड," म्हातारा कौतुकानं म्हणाला आणि तुकडा तिच्यापुढं धरला. "आप देखो ना."

तिनं बघितलं. खाली हिरवं, वर गुलाबी. इतकी वर्षं तिनं कातळात जे शोधलं होतं ते शेगडीपाशी तयार होत होतं.

पुंजाराम मागून येऊन उभा राहिला होता. तिचं तोंड बघून त्याला वाटलं, बाई भारावली. त्याला ते आवडलं.

"ही आयडिया माझीच," तो म्हणाला. "लई वर्साखालची. दोन तुकडे व्हते, दोन्ही मोडके. एकटे कोन घेत नव्हतं. म्हनलं लावा एकावर एक. काय झकास माल झाला! अन् तुमच्या सायबांनी घेतला की. आपल्या हातचा माल कॉलेजात काचेमागं बसलाय मॅडम, हाय का नाय?" आणि तो मान मागं टाकून हसला. पानाचा एक लाल तुषार तिच्या मनगटावर उडाला.

तुकडा न घेताच ती निघाली. बोळातून बाहेर येताना फळीवरून पाय घसरला आणि टाच गटारात गेली. ती तशीच चालत राहिली. नळ दिसला तिथं आधी मनगट धुतलं, पाय मागून.

तरी तिनं पुंजारामच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. असल्या माणसाचा शब्द घेऊन सरांवर संशय घ्यायचा? रविवारी सकाळी विभाग रिकामा असताना तिनं कपाट उघडलं, किल्ल्या तिच्याकडं असायच्याच. राणी टेबलावर ठेवली. सुई तापवली आणि खालचं हिरवं जिथं गुलाबीला भेटत होतं तिथं हलकेच टेकवली. खनिज असतं तर सुई सरकली नसती. सुई आत गेली. बारीक धूर आला, आणि त्या धुराला वास होता, बांगड्यांच्या दुकानात येतो तो. लाखेचा.

तिनं राणी स्पिरिटच्या पातेल्यात ठेवली आणि खिडकीपाशी बसून राहिली. स्पिरिट हळूहळू तपकिरी होत गेलं. दुपार कलली तेव्हा तिनं नुसता हात लावला, आणि राणीचे दोन तुकडे झाले. मधे मेणचट, काळपट, चिकट थर. बोटांना लागला. तिनं बोटं साबणानं धुतली, मग पुन्हा धुतली. आपल्या प्रबंधाची प्रकरणं, सरांचे तास, त्या विहिरी, सगळं त्या थरावर चिकटलेलं होतं.

तशीच ती समर्थनगरला सरांच्या घरी गेली. उन्हाळा होता. काकासाहेब बनियनवर टेबलापाशी बसले होते, पुढं आंब्यांचं पातेलं. त्यांच्या पत्नी आशाबाईंनी तिलाही बसवलं आणि वाटी पुढं केली. "घे गं. गावरान आहे, गोड निघालाय."

"सर, राणी सुटली," सारजा म्हणाली.

"सुटली म्हणजे?"

"स्पिरिटमध्ये ठेवली होती. लाख होती. दोन तुकडे आहेत ते."

काकासाहेब कोय चोखत होते. ते थांबले नाहीत. कोय फिरवून दुसऱ्या बाजूनं चोखली, ताटलीत टाकली. मग विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

तिला वाटलं होतं ते दचकतील. कसं शक्य आहे म्हणतील, उठून चप्पल घालतील, चल बघू म्हणतील. हा प्रश्न तिनं धरलाच नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला कळलं तेव्हा लेख छापून झाला होता. बाहेरून पत्रं येत होती, बोलावणी येत होती. काय करायला हवं होतं मी? विज्ञानात चुका होतात, सारजा."

"तुम्हाला माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, सर."

"शब्दांत पकडू नकोस." त्यांनी दुसरा आंबा चोळून मऊ करायला घेतला. रस मनगटावरून कोपराकडं उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते. "तुझ्या प्रबंधाचा विचार कर. तो कशावर उभा आहे?"

"मला विहिरींत उतरवलंत. माझी नजर तयार नाही म्हणालात."

"मग? त्यात तुझं नुकसान काय झालं? काम शिकलीस." मग त्यांचा आवाज मऊ झाला, वर्गात समजावून सांगताना व्हायचा तसा. "हे बघ. उद्या सकाळी ते दोन्ही तुकडे पुंजारामकडं घेऊन जा. तो जोडून देईल. हाताला सफाई आहे त्याच्या. कुणाला कळायचं नाही." आणि त्यांनी अंगठा चोखला.

सारजा उठली. आशाबाई "अगं, वाटी तशीच…" म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर होती. फाटकाच्या बाजूला लिंबाचं झाड होतं. त्याच्या बुडाशी वाकून ती ओकली. पोटात काही नव्हतंच. नुसतं कडू पाणी येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं विभागात आली तेव्हा कपाटात राणी नव्हती. दोन तुकडे होते, मधे वीतभर जागा सोडून ठेवलेले, आणि खाली सारजाच्या अक्षरात चिठ्ठी: 'दोन वेगळे नमुने. लाखेने जोडलेले होते.' दुपारपर्यंत ती चिठ्ठी गेली. संध्याकाळी कपाटाच्या काचेला आतून कागद लागला. आणि आठवडाभरात सगळ्या कॉलेजात एकच गोष्ट पसरली: ठोंबरे बाईंच्या हातून राणी पडली आणि फुटली. काकासाहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं म्हणे. तरी मेमो मिळालाच, मौल्यवान नमुना हाताळण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल. ज्यांनी ती चिठ्ठी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती, तेही स्टाफरूममध्ये हळहळले, "जपायला हवं होतं हो, मॅडम." त्यांच्या चहाच्या कपांकडं बघून तिला कसंसंच व्हायचं. ती डबा आपल्या टेबलावर, भिंतीकडं तोंड करून खायला लागली.

प्रबंध तिनं फाडला नाही. बाजूला ठेवला आणि नव्यानं लिहायला घेतला. पाण्याची एकच लाट. मार्गदर्शक मिळेना. काकासाहेबांच्या विरुद्ध कोण सही करणार? भिकनच्या विहिरीतली तिची चित्रं होती, पण खोली राहिली नव्हती. तिला पुन्हा पहिल्यापासून विहिरी बघाव्या लागल्या. ह्यात काकासाहेब निवृत्त झाले, सत्कार झाला, हत्तीवरून मिरवणूक काढायचीच काय ती बाकी राहिली. पुढं ते आजारी पडले आणि त्यांनी तिला निरोप पाठवला: एकदा येऊन जा. निरोप घेऊन आशाबाई स्वतः आल्या होत्या. सारजानं त्यांना पाणी दिलं, विचारपूस केली, आणि गेली नाही. त्याच दुखण्यात ते वारले, तेव्हाही ती गेली नाही. लोकांनी तिला दगड म्हटलं. मेल्यावर तरी जायचं, असं खुद्द लक्ष्मीबाईंनीही सुनावलं. "मला जमलं नसतं, आई," एवढंच ती म्हणाली. तिला पश्चात्ताप झाला नाही, आणि झाल्याचं तिनं कधी दाखवलंही नाही.

शेवटी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तिला घेतलं आणि प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून तात्यासाहेब म्हणून परीक्षक आले. दख्खनच्या खडकांवर आयुष्य घालवलेले, काकासाहेबांच्याच वयाचे, मोठ्या नावाचे. त्यांनी प्रश्न चांगले विचारले. तिनंही उत्तरं चांगली दिली. सगळं आटोपल्यावर बाजूच्या खोलीत चहा आणि समोसे आले. तेव्हा तात्यासाहेब म्हणाले, "त्या जुन्या नमुन्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, जोडलेला होता म्हणून. तेवढी ओळ गाळा. कशाला?"

"पण सर, तो जोडलेलाच होता."

"अहो, ते कुणाला माहीत नाही?" ते हसले. हिरवी चटणी त्यांच्या पांढऱ्या मिशीला लागली होती. "फोटो छापून आला तेव्हाच आम्ही ओळखलं होतं. मी, नागपूरचे एक होते ते, सगळ्यांनी. पण माणूस भला. बायको-पोरं होती. उगाच कशाला कुणाचं…"

सारजानं पुढ्यातला कप बाजूला सारला. भिकनच्या वाडीवरच्या त्या खड्ड्याचा वास अचानक तिच्या नाकाशी आला.

"मी ज्या वर्षांत विहिरींत उतरत होते," ती म्हणाली, "त्या वर्षांत तुम्हाला माहीत होतं."

"तुम्ही विचारलंच नाहीत कधी." त्यांनी समोशाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

ओळ तिनं गाळली नाही. त्यावरून सही महिनाभर अडली, मग झाली. तिच्या नावामागं डॉक्टर लागलं. शिपायानं पेढ्यांचा पुडा आणला, तो तिनं सगळा वाटून टाकला. स्वतः हात लावला नाही.

पुढं ती विभागाची प्रमुख झाली. तुसडी बाई म्हणून तिचं नाव झालं. कुणाच्या घरी जेवायला जायची नाही, सत्कारांना जायची नाही, आणि व्यापाऱ्याकडून एकही नमुना घ्यायची नाही. पुंजारामचा मुलगा एकदा चकचकीत माल घेऊन आला होता. त्याला तिनं दारातूनच वाटेला लावलं. विभागाच्या कपाटांत आता फक्त पोरांनी स्वतः विहिरीतून, रस्त्याच्या कामावरून फोडून आणलेले दगड असत. टोकं मोडलेले, मातीनं माखलेले, प्रत्येकाला मूळ कातळ लागलेला, खाली गावाचं नाव. शाळांच्या सहली यायच्या, मोठे पाहुणे यायचे, आत एक फेरी मारून नाकं मुरडायचे.

एकदा संस्थेचे एक पदाधिकारी कुटुंबासह आले. त्यांच्या पत्नीनं कपाटांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "एवढंच आहे का? काही छान नाही ठेवलेलं?"

"नाही," सारजा म्हणाली आणि पुढच्या खोलीचा दिवा लावला.